फुटाण्याची अकरा हजार पावलं

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि त्या अस्वलाने कुत्रा पाळला होता.

हसू नका बाळांनो. माणसाने पाळलेला चालतो, मग अस्वलाने पाळला तर काय बिघडलं? अस्वलाच्या अंगाला ऊबही जास्त असते.

अस्वलाचं नाव केरोबा. कुत्र्याचं नाव फुटाणा. फुटाणा मूळचा जंगलातला नव्हे. तो लांबच्या एका गावातला. तिथे एका वरातीत फटाक्यांची माळ लागली, तिला घाबरून तो पळत सुटला. तेव्हा एवढंसं पिल्लू होतं. माळ विझली, वरात पांगली, नवरानवरी घरी गेली, तरी हा पळतच होता. थांबला तो थेट केरोबाच्या गुहेत, केरोबाच्या पोटाखाली.

केरोबा झोपला होता. जाग आली तेव्हा पोटाखाली काहीतरी थरथरत होतं. त्याला वाटलं, पोट बिघडलं. मग पोट भुंकलं.

केरोबा तोवर एकटाच होता. मध खायचा, झोपायचा, उठून पुन्हा मध खायचा. पिल्लू आल्यापासून तो मधाचे दोन वाटे करू लागला. पिल्लाला मध आवडत नव्हता. ते नुसतं समोर बसून बघायचं. मग केरोबा दोन्ही वाटे स्वतःच खायचा. पण करायचा रोज दोनच. माया अशीच असते बाळांनो, तिला हिशोब जमत नाही.

त्या सुमाराला जंगलात ब्लॉग आले. कुठून आले ते विचारू नका. आधी नव्हते, मग होते. जो तो आपापला ब्लॉग लिहू लागला. ससा गवतावर लिही. कोल्हा स्वतःवर लिही. घुबडही लिहीत असे, पण ते काय लिहितं हे दिवसा बघायला कुणाला वेळ नसे.

हळूहळू तिथे एक रीत पडली. जे ब्लॉगवर आहे ते खरं. जे नुसतं डोळ्यांनी पाहिलं ते ऐकीव.

एकदा कोल्ह्याच्या शेपटीला मुंग्या डसल्या. तो तसाच घरी गेला, 'माझ्या शेपटीला मुंग्या डसल्या आहेत' असं त्याने नीट लिहिलं, आणि मग बोंब मारली. सगळ्यांनी त्याच्या रीतभातीचं कौतुक केलं. मुंग्याही वाचायला थांबल्या होत्या म्हणतात.

केरोबानेही ब्लॉग काढला. त्याची बोटं जाड. एक अक्षर दाबलं की शेजारची दोन सोबत येत. ती पुसून पुसून तो रोज संध्याकाळी फुटाण्यावर एक ओळ लिही.

'आज फुटाणा झोपला.'

'आज फुटाण्याने शेपटी हलवली. कारण कळले नाही.'

'आज फुटाणा माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मीही बघितले.'

हे तिघं जण वाचत. एक शेजारीण, साळूबाई साळिंदर. दुसरा केरोबा स्वतः. तिसरं कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच जंगलात चिंधू नावाचं एक माकड होतं. ते घरोघर नवी नवी यंत्रं बसवून देई. एक दिवस चिंधू केरोबाकडे आला. त्याने केरोबाचा फोन हातात घेतला, ब्लॉग वरून खालपर्यंत बघितला आणि चुकचुकला.

"केरोबाकाका, असा ब्लॉग चालत नाही. वाचणाऱ्यांना आकडे लागतात."

"कसले रे आकडे?"

"फुटाणा किती पावलं चालला, कसा झोपला, किती खूश आहे."

"खूश आहे हे मला दिसतं की."

"तुम्हाला दिसतं हो. वाचणाऱ्यांना कुठे दिसतं?"

केरोबाला पटलं. त्याला कुणी काही सांगितलं की पटत असे. त्याचा स्वभावच तसा होता.

मग चिंधूने गुहेत यंत्रं बसवली. एक दिवा बसवला. तो 'लाग' म्हटलं की लागे आणि 'राहू दे' म्हटलं तरी लागे. एक झाडणारी चकती आणली. ती पोळपाटाएवढी गोल होती. जमिनीवरून सरपटत जाई आणि केर पोटात घेई. दमली की खाटेखालच्या कोपऱ्यात आपल्या जागेवर जाऊन वीज पिऊन येई. भिंतीला आपटली की वळे. खाटेला आपटली की वळे. केरोबाला आपटली की मात्र वळत नसे, 'अडथळा हटवा' म्हणे. मग केरोबा उठून दुसरीकडे बसे. आपल्याच घरात इतक्या वेळा उठाबशा त्याने आयुष्यात काढल्या नव्हत्या.

आणि तिसरा, फुटाण्यासाठी पट्टा. त्यावर हिरवा दिवा लुकलुके. फुटाणा कुठे आहे, किती चालला, त्याचं मन कसं आहे, सगळं त्या पट्ट्याला कळे. संध्याकाळी पट्टा आपला आपणच ब्लॉग लिही. केरोबाच्या बोटांना आराम पडला.

'फुटाणा. पावले ४१२. झोप उत्तम. मन प्रसन्न.'

वाचणारे वाढले. तिनाचे तीस झाले, तिसाचे तीनशे. सकाळी उठून लोक आधी फुटाण्याचं मन बघत, मग तोंड धूत.

फुटाण्याला पट्टा नको होता. मान खाजायची. तो सारखा पाय उचलून पट्टा ओरबाडायचा. ब्लॉगवर ती पावलं म्हणून लागायची.

एका सकाळी तो खाटेच्या पायाला मान घासत होता. घासता घासता पट्टा निघाला आणि खाली पडला. फुटाण्याने अंग झाडलं. तेवढ्यात चकती आली. तिने पट्टा केर समजून ओढला. पट्टा तिच्या झाडूत गुंडाळला गेला आणि घट्ट बसला. हिरवा दिवा लुकलुकतच राहिला. चकती खाटेखाली शिरली आणि पट्टा पावलं मोजू लागला.

फुटाणा मोकळ्या मानेने बाहेर पडला. दारात एक सरडा उन्हाला बसला होता. सरडा पळाला. फुटाणा त्याच्यामागे. ओढा ओलांडून दोघं पलीकडे गेले.

पलीकडे एक खोल खड्डा होता. कधीकाळी माणसांनी हत्ती पकडायला खणलेला. त्या जंगलात हत्ती नव्हतेच, हे त्यांना खणून झाल्यावर कळलं. ती माणसं गेली, खड्डा राहिला. सरडा खड्ड्याच्या कडेने गेला. फुटाणा सरळ गेला.

खाली पाचोळा होता म्हणून हाडं वाचली. पण भिंती उभ्या. फुटाण्याने उड्या मारून पाहिल्या. मग तो भुंकू लागला.

साळूबाईचं बीळ ओढ्याच्या काठालाच होतं. ती धावत आली आणि खाली डोकावली.

"अगं बाई! फुटाण्या, तू रे इथे कसा?"

तिला त्याला वर काढता येईना. तिचं अंग ते केवढं, आणि सगळं काट्यांचं. तिला धरून कोण वर येणार? ती तशीच केरोबाच्या गुहेकडे धावली. धावताना तिचे काटे खळखळ वाजत होते.

"केरोबाभाऊ, चला लवकर! फुटाणा खड्ड्यात पडलाय!"

केरोबा खाटेवर बसून फोन बघत होता. त्याने मान वर केली.

"कुठला फुटाणा?"

"कुठला काय? आपला!"

"आपला तर घरात आहे साळूबाई." त्याने फोन पुढे केला. 'फुटाणा. घरात. पावले २१००. मन प्रसन्न.'

"अहो, मी या डोळ्यांनी पाहिलं त्याला."

"म्हणजे ऐकीवच की." केरोबा हे अगदी मायेने म्हणाला. शेजारणीला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं.

"तो भुंकतोय तिथे!"

"दुसरं कुणी भुंकत असेल."

"सगळ्या जंगलात कुत्रा एकच आहे, केरोबाभाऊ!"

केरोबाने विचार केला. तो सावकाश विचार करत असे.

"मग भुंकणारा कुत्रा नसेल," तो म्हणाला.

"हाक तरी मारून बघा हो."

"फुटाण्या!" केरोबाने हाक मारली. खाटेखालून हिरवा दिवा लुकलुकत पुढे आला, खाटेच्या पायाला आपटला, वळला आणि परत अंधारात गेला.

"आला होता बघा," केरोबा म्हणाला.

"शेपटी कुठाय त्याची?"

"अंधार आहे."

"मग वाकून बघा ना जरा!"

"कंबर धरलीय दोन दिवस. आणि वाकून बघणं बरं दिसत नाही. त्याला वाटेल, माझा त्याच्यावर विश्वास नाही."

साळूबाई परत गेली. वाटेत तिला ससा भेटला, हरीण भेटलं, कोल्हा भेटला. प्रत्येकाला तिने सांगितलं. प्रत्येकाने फोन काढला, बघितलं आणि सांगितलं की ब्लॉगवर तसं काही नाही. कोल्हा तर म्हणाला, "साळूबाई, उन्हात फिरू नका फार."

तिने पळसाच्या पानाचा द्रोण केला, त्यात पाणी भरलं, वेलीला बांधून खड्ड्यात सोडलं. अर्धं सांडलं, अर्धं पोचलं. दोन कंद उकरून टाकले. फुटाणा पाणी प्यायला. कंद त्याने हुंगून बाजूला सारले.

"येतोय हं तुझा धनी," ती वरून म्हणाली. "वाचून झालं की येतोय."

फुटाणा भुंकत राहिला.

दुसऱ्या दिवशी साळूबाईने ठरवलं, आता आपणही रीतीने जायचं. तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. तिने ब्लॉग उघडला, अंगावरचा एक काटा उपटला आणि त्याच्या टोकाने एकेक अक्षर टोचत लिहिलं.

'फुटाणा खड्ड्यात आहे. ओढ्यापलीकडे. जिवंत आहे. कुणीतरी मोठ्या अंगाचं लवकर या.'

मग ती वाट बघत बसली. दुपारपर्यंत दोन अभिप्राय आले. पहिला कोल्ह्याचा. 'छान लिहिता. लिहीत राहा.'

दुसरा केरोबाचा होता. 'कथा आवडली. खड्डा अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला. फक्त कुत्र्याचे नाव वेगळे ठेवायला हवे होते. वाचताना जीव घाबरा झाला.'

साळूबाई ते वाचून मटकन खाली बसली. फोनवरच बसली. फोनची चाळण झाली.

इकडे केरोबाचंही काही ठीक नव्हतं. फुटाण्याची वाटी कालपासून भरलेली होती. प्रसन्न असल्यावर भूक लागत नसेल, असं त्याने मनाला सांगितलं. मधाचे दोन वाटे केले. खाताना समोर बसून बघणारं कुणी नव्हतं. दुसरा वाटा त्याने तसाच झाकून ठेवला.

तो फोनशी हळूच बोलला. "फुटाण्या, बरा आहेस ना रे?"

'मन प्रसन्न,' फोनवर आलं.

"मग मला का असं होतंय?"

फोनला हा प्रश्न कळला नाही. त्याने पावलं सांगितली. अकरा हजार.

अकरा हजार! चकती दिवसभर खाटेच्या चार पायांमध्ये आपटत आणि वळत होती, त्याची ती पावलं. पण ब्लॉगवर आकडा पडला आणि जंगलात धावपळ उडाली. एका दिवसात अकरा हजार पावलं त्या जंगलात वाघानेही टाकली नव्हती. वाघाचा ब्लॉगच नव्हता म्हणा.

गवाजी नावाचा एक गवा जंगलसभेचा अध्यक्ष होता. त्याने लगेच सत्कार ठरवला. त्या जंगलात सत्कार करण्यासारखं बरेच दिवस कुणी उरलं नव्हतं. जे होते त्यांचे दोन-दोनदा करून झाले होते. शाली घडी घालून पडून होत्या. त्यांना कसर लागायची वेळ आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिंधू फुटाण्याला न्यायला आला. त्याने खाटेखाली हात घातला आणि हिरवा दिवा बाहेर ओढला. केरोबा तेव्हा पाठमोरा होता, सत्काराला जायचं म्हणून अंगावरचे केस विंचरत होता. चिंधूने चकती बघितली. पट्टा बघितला. थोडा वेळ डोकं खाजवलं. मग त्याने दोन्हीवर शाल टाकली.

"शाल का रे आताच?" केरोबाने वळून विचारलं.

"सत्काराआधी तोंड दाखवत नाहीत काका."

"गुदमरेल की तो."

चिंधूने फोन दाखवला. 'मन प्रसन्न.' केरोबा पुन्हा केस विंचरू लागला.

वडाखाली सगळं जंगल जमलं होतं. फळा उभा केला होता. त्यावर खडूने 'सत्कार' असं लिहिलं होतं. हार होता, नारळ होता, मागे पानांनी झाकलेले मोहाच्या फुलांचे लाडू होते. चिंधूने शाल व्यासपीठावर ठेवली. शाल इकडून तिकडे फिरू लागली. टाळ्या पडल्या.

"किती चपळ आहे!" हरीण म्हणालं.

"सराव आहे तो," ससा म्हणाला.

गवाजी भाषणाला उभा राहिला. "फुटाणा हा आपल्या जंगलाचा मानबिंदू आहे. फुटाणा हा कष्टाळू आहे. फुटाणा हा एका जागी बसणारा नाही."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून भुंकणं ऐकू आलं. आवाज घोगरा झाला होता.

गवाजीने भुवया वर केल्या. "कोण गोंगाट करतंय? ज्याचा सत्कार आहे त्याचा तरी मान राखा."

साळूबाई उठली. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. "अध्यक्षसाहेब, ज्याचा सत्कार आहे तोच भुंकतोय! खड्ड्यात आहे तो. आज पाणीसुद्धा प्यायला उठत नाहीये. कुणीतरी चला हो!"

"साळूबाई, सूचना लेखी द्या."

"माझा फोन फुटला."

"मग खाली बसा."

"बसूनच फुटला!"

सगळे हसले. केरोबाही हसला, पण त्याचं हसू मध्येच थांबलं. त्याने कान टवकारले. मग फोन बघितला, आणि कान पाडले.

भाषण पुढे चाललं. गवाजीचं भाषण लांब असे. आणि व्यासपीठावर काही वीज प्यायची जागा नव्हती. शाल हळू फिरू लागली, मग आणखी हळू. मग एका बाजूला जाऊन थांबली.

सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

'फुटाणा. पावले ०. हालचाल नाही. फुटाणा आता नाही. मन शांत.'

गवाजीने वाचलं. सगळ्यांनी वाचलं. ससा रडू लागला. कोल्ह्याने आधी दुःख लिहिलं, मग तोही रडू लागला. चिंधूने हळूच फळ्यावरचा 'सत्कार' पुसला आणि 'श्रद्धांजली' लिहिलं. हार तोच राहिला. गवाजीने भाषण तिथूनच पुढे चालू केलं, आता फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'होता' म्हणू लागला.

केरोबा व्यासपीठावर गेला. त्याने शालीवर पंजा ठेवला. खाली कडक आणि थंड लागलं.

"ताठलं रे माझं लेकरू," तो म्हणाला.

त्याला शाल उचलायची होती. चिंधूने त्याचा पंजा धरला. "बघू नका काका. सोसायचं नाही तुम्हाला." हे मात्र चिंधू खरं बोलला.

गवाजीने खाकरून घसा साफ केला. "आता आपण सर्व जण उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळू या. फोन बंद करा."

बाळांनो, त्या जंगलात कित्येक वर्षांत कुणी दोन मिनिटं गप्प बसलं नव्हतं. सगळ्यांनी फोन बंद केले, माना खाली घातल्या, डोळे मिटले. आणि अशी शांतता झाली की वडाचं एक पान खाली आलं, तर ते कुठे कुठे टेकलं ते ऐकू आलं.

त्या शांततेत एक भुंकणं आलं.

बारीक होतं. मध्ये थांबून आलेलं. मग पुन्हा एक.

सगळ्यांनी ऐकलं. पण कुणी डोळे उघडले नाहीत. मिनिटं संपायची होती.

"किती ओळखीचा आवाज," कोल्हा पुटपुटला.

"शू," ससा म्हणाला. "आठवण आहे ती."

साळूबाई केरोबाच्या शेजारी उभी होती. तिने पाठ वळवली आणि आपला एक काटा त्याच्या मांडीत खुपसला.

केरोबाने डोळे उघडले. त्याने साळूबाईकडे बघितलं. तिने ओढ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा भुंकणं आलं, आणि ते अर्ध्यातच तुटलं.

केरोबा धावला. कंबर धरलेली होती हे तो विसरला. मागून गवाजी म्हणाला, "अजून अर्धं मिनिट आहे!" पण तोवर केरोबा ओढ्यात होता.

खड्ड्याच्या काठावर तो थबकला. धापा टाकत त्याने खाली बघितलं. पाचोळ्यात फुटाणा पडला होता. बरगड्या दिसत होत्या. त्याने डोकं उचललं, केरोबाला बघितलं आणि उभं राहायचा प्रयत्न केला. पाय लटपटले. तो परत बसला, पण मान तशीच वर धरून.

केरोबाने फोन चालू करून बघितला. तिथे 'फुटाणा आता नाही' असं लिहिलं होतं. त्याने खाली बघितलं. तिथे होता.

असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. दोहोंपैकी एक खोटं असणार. केरोबा सावकाश विचार करणारा. पण हातात फोन धरून खड्ड्यात उतरता येत नाही. म्हणून त्याने फोन काठावर ठेवला. ठेवल्यावर विचार आपोआप संपला.

तो नख्या रोवत खाली उतरला. फुटाण्याला त्याने मानेवर घेतलं. फुटाण्याचं वजन पूर्वीच्या निम्मंही राहिलं नव्हतं. वर चढताना माती दोनदा सुटली, दोनदा दोघं खाली आले. तिसऱ्या वेळी मागून पोचलेल्या साळूबाईने वरून वेल सोडली, तिचं टोक झाडाला बांधलं, आणि दोघं वर आले.

केरोबाने त्याला मांडीवर घेऊन ओढ्याचं पाणी पाजलं. ओंजळीओंजळीने, थांबून थांबून.

"तीन दिवस काय करत होतास रे इथे?" त्याने विचारलं.

"तुमची वाट बघत होता," साळूबाई म्हणाली. "दुसरं काय करणार?"

केरोबाने आणखी एक ओंजळ फुटाण्याच्या तोंडाशी धरली.

"मी वाचत होतो," तो म्हणाला.

साळूबाईने फुटाण्याच्या अंगावरचा पाचोळा काढला. काटे लागू नयेत म्हणून लांबूनच, एका काडीने.

दोघं फुटाण्याला घेऊन वडाखाली आले. तिथे सत्काराचे लाडू श्रद्धांजलीला चालतात का, यावर चर्चा चालली होती.

"हा बघा फुटाणा," केरोबा म्हणाला. "जिवंत आहे."

गवाजीने फुटाण्याकडे बघितलं नाही. फोन बघितला. "फुटाणा गेला केरोबा. तीनशे बारा जणांनी दुःख व्यक्त केलंय. मी स्वतः केलंय. ते परत कसं घ्यायचं?"

फुटाणा शिंकला.

"अहो, हा शिंकतोय!" साळूबाई ओरडली.

"शिंकणं हा काही पुरावा नव्हे."

तेव्हा केरोबा व्यासपीठावर चढला आणि त्याने शाल ओढली. खाली चकती होती. पोळपाटाएवढी, धुळीने भरलेली, झाडूत पट्टा गुंतलेली. सगळं जंगल पुढे सरकलं आणि बघत राहिलं. चिंधू झाडावर चढून बसला.

मग कोल्ह्याने डोळे पुसले.

"शेवटी शेवटी किती वाळला होता," तो म्हणाला.

"काम फार करायचा," ससा म्हणाला.

केरोबाने सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा गवाजीने त्याच्या खांद्यावर खूर ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, अकरा हजार पावलं कोणी टाकली? याने." त्याने चकतीकडे शिंग वळवलं. "तू आणलेला तर तीन दिवस एका खड्ड्यात बसून होता, असं तुमचंच म्हणणं. मग आमचा फुटाणा कोणता, तूच सांग."

याला केरोबाकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

चकतीला शालीसकट वडाखाली पुरलं. वर दगड ठेवला. दगडावर फक्त आकडा लिहिला. लाडू चालतात असं ठरलं.

केरोबा फुटाण्याला घेऊन घरी आला. फुटाण्याने वाटीतलं सगळं खाल्लं आणि वाटीही चाटली. चकती नसल्यामुळे सांडलेलं तसंच पडून राहिलं, ते त्याने नंतर सावकाश वेचलं. केरोबा दिवसभर एकाच जागी बसला. त्याला कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी साळूबाई त्याचा काठावर राहिलेला फोन घेऊन आली. तेव्हा केरोबाने किती तरी दिवसांनी आपल्या बोटांनी एक ओळ लिहिली. पुसून पुसून लिहिली.

'फुटाणा घरी आहे. जेवला.'

लगेच अभिप्राय येऊ लागले. 'केरोबाकाका, सावरा.' 'जाणारे असेच मनात घरी येतात.' 'डोळे पाणावले. लिहीत राहा.'

केरोबाने ते सगळे वाचले. प्रत्येकाला 'आभार' असं लिहिलं, कारण लोक मायेने लिहीत होते. मग त्याने फोन उशाखाली सरकवला. फुटाणा त्याच्या पायावर हनुवटी टेकून घोरत होता. मध्येच त्याचे पाय झोपेत हलत. ती पावलं कुणी मोजली नाहीत. पाय अवघडला, पायाला मुंग्या आल्या, तरी केरोबा हलला नाही.

तात्पर्य: बाळांनो, खड्ड्यात पडलात तर उगाच लगेच ओरडून घसा कोरडा करू नये. त्या वेळी सगळे जण आपली खुशाली वाचत असतात. धीर धरावा आणि आपल्या निधनाची बातमी येऊ द्यावी. मग लोक उभे राहून दोन मिनिटं गप्प बसतात. तेवढ्या वेळात काय ते भुंकून घ्यावं.